चोपन्न म्हणजे नेमके किती?

रोड बाइकच्या दुकानात पहिला प्रश्न असतो उंचीचा. गिऱ्हाइकाने पाच फूट सात इंच म्हटले की तक्त्यावरून बोट फिरते आणि निकाल लागतो, ‘तुमची चोपन्न.’ सगळे अगदी शास्त्रोक्त वाटते. पण त्या फ्रेमला टेप लावून पाहिली, तर चोपन्न सेंटीमीटर नेमके कुठे भरतात हे दुकानदारालाही चटकन सांगता यायचे नाही. सीटची नळी मोजावी, तर अनेक फ्रेमवर ती चार-पाच सेंमीने आखूड निघते. शेजारच्या दुकानात त्याच माणसाला ‘मीडियम’ सांगतात आणि तिसऱ्या ठिकाणी ‘बावन्नही चालेल, सीट वर करून देतो’ असे आश्वासन मिळते. तिघेही खोटे बोलत नसतात. अडचण अशी की फ्रेमचे माप ठरवताना आपण शरीराच्या चुकीच्या भागाकडे पाहत असतो. विचारली जाते ती उंची, फार तर पायांची लांबी. सायकल बसते की नाही हे मात्र ठरते धड आणि हात मिळून हँडलपर्यंत किती सहज पोचतात यावर, आणि ते अंतर फ्रेमवर चिकटवलेल्या आकड्यात कुठेच लिहिलेले नसते.

आपल्याकडे सायकलचा नंबर म्हटला की आणखी एक घोळ होतो. घरात मुलासाठी ‘चोवीस इंची’ किंवा ‘सव्वीस इंची’ सायकल आणायची म्हणतात, तेव्हा ते इंच चाकाचे असतात. वाडवडिलांच्या काळ्या, भक्कम, मागे कॅरिअर असलेल्या सायकलीला ‘बावीस इंची’ म्हणत, ते मात्र फ्रेमचे माप होते. प्रौढांच्या रोड बाइकमध्ये चाकाचा हा प्रश्न जवळजवळ मिटलेला आहे. माणूस पाच फुटांचा असो की सव्वासहा, चाक बहुतेक ७०० सी याच मापाचे असते, म्हणजे रिमवर टायर बसतो त्या कडेचा व्यास ६२२ मिमी. त्यामुळे लहान-मोठी होते ती केवळ फ्रेम. एकाच चाकाभोवती सगळ्या उंचीच्या माणसांना बसवायचे, या अटीतून काही चमत्कारिक परिणाम होतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

चोपन्न हा आकडा मुळात पोकळ नव्हता. पोलादाच्या नळ्या सांध्यांमध्ये बसवून, पितळ वितळवून जोडायच्या काळात सायकलची दांडी जमिनीला समांतर असे. सांध्यांचे कोन ठरलेले असल्यामुळे कारागिरालाही त्यात फार इकडेतिकडे करता येत नसे. सीटची नळी ५४ सेंमीची असेल तर दांडीही त्याच्या आसपासच असायची, आणि हँडलजवळची हेड ट्यूबही त्याच प्रमाणात उंच व्हायची. एक लांबी सांगितली की बाकीच्या लांब्या आपोआप कळत. पेडल ज्या अक्षाभोवती फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून सीटच्या नळीची लांबी मोजायची, एवढीच रीत. त्यातही दोन पंथ होते. कोणी दांडीच्या मध्यापर्यंत मोजत, कोणी नळीच्या वरच्या टोकापर्यंत, आणि तेवढ्यानेच सुमारे दीड सेंमीचा फरक पडे. तरी ते माप कामाचे होते, कारण फ्रेमचा आकारच त्याला साक्ष देत होता.

ही साखळी तुटली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडचे माइक बरोज हे विक्षिप्त आणि विलक्षण डोक्याचे सायकल-रचनाकार. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमनने ज्या काळ्या लोटस सायकलवर सुवर्णपदक मिळवले, तिच्यामागे त्यांचीच कल्पना होती. पुढे तैवानच्या जायंट कंपनीसाठी त्यांनी टीसीआर ही रोड बाइक आखली आणि तिची दांडी सीटकडे उतरती केली. फ्रेमचे त्रिकोण लहान झाले, सायकल हलकी आणि ताठ झाली. कंपनीचा मोठा फायदा वेगळाच होता. सीटचा दांडा लांब घालून आणि हँडल धरणारी स्टेम बदलून सुरुवातीला अवघ्या तीन मापांत, स्मॉल, मीडियम आणि लार्ज, जवळपास सगळे गिऱ्हाईक भागवता येऊ लागले. आधी नाके मुरडली गेली, मग ओन्सेसारखा व्यावसायिक संघ त्याच सायकलींवर शर्यती जिंकू लागला आणि काही वर्षांत उतरती दांडी सगळीकडे रूढ झाली. कार्बनने त्यावर शिक्कामोर्तब केले. कार्बनच्या फ्रेमला प्रत्येक मापासाठी वेगळा साचा लागतो आणि साचा महाग असतो. म्हणून एकेका सेंटीमीटरच्या पायऱ्या जाऊन सहा-सात मापांवर काम भागवायची पद्धत आली. सीटची नळी आता रचनाकार हवी तितकी आखूड ठेवू शकतो. चोपन्नचा आकडा तेवढा जुन्या घराण्याच्या नावासारखा मागे राहिला.

आता पायांकडे वळू, कारण ‘माझे पाय लांब आहेत, मला मोठी फ्रेम लागेल’ हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. पायांचे गणित खरे तर केव्हाच सुटले आहे. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या इंग्रज संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या सायकलवर दाखवले की, पायाच्या आतल्या बाजूची लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर, घेऊन त्याच्या १०९ टक्के इतके अंतर खालच्या टोकाला असलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवले तर ताकद उत्तम वापरली जाते. पुढे फ्रान्सच्या रेनो संघाचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांनी आपल्या शर्यतपटूंसाठी वेगळे सूत्र वापरले. त्यांचा अमेरिकन शिष्य ग्रेग लेमाँड याने ते १९८७ मधल्या आपल्या पुस्तकातून जगभर पोचवले. पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. दोन्ही सूत्रे एकाच माणसाला लावून पाहण्यासारखी आहेत. पाय ८० सेंमीचा असेल तर पहिल्या सूत्राने पेडलपासून ८७.२ सेंमी येतात. दुसऱ्याने ७०.६ येतात, त्यात पेडलचा १७ सेंमीचा दांडा, म्हणजे क्रँक, मिळवला की ८७.६. वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या दोन उत्तरांत अर्ध्या सेंमीचाही फरक नाही. आजचे सायकलिंगचे बूट आणि पेडल पूर्वीपेक्षा पातळ असल्याने त्यातून काही मिलिमीटर कमी करतात. शिवाय पेडल खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला हवा, अशी तिसरी कसोटीही हाताशी आहे.

मुद्दा असा की हे सगळे सीटच्या उंचीबद्दल आहे आणि सीट वर-खाली करायला एक अ‍ॅलन की आणि दोन मिनिटे पुरतात. उतरत्या दांडीच्या कुठल्याही फ्रेमवर, अगदी एक माप लहान किंवा मोठ्या फ्रेमवरही, बहुतेकांना सीटची योग्य उंची साधता येते. लेमाँडच्या पुस्तकात दुसरे एक सूत्र होते: पायाची लांबी गुणिले ०.६७ म्हणजे फ्रेमचे माप. दांडी आडवी होती तोवर ते चोख होते. आजही लोक ते वापरतात आणि आलेला आकडा घेऊन दुकानात जातात. पण ज्या नळीची लांबी त्या सूत्रातून निघते, ती नळी आता काहीच ठरवत नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहायचे आणि वर दोन-तीन बोटे जागा उरते का पाहायचे, या जुन्या चाचणीचीही तीच गत. उतरत्या दांडीवर ही परीक्षा सगळेच पास होतात, तीन मापे मोठ्या फ्रेमवरसुद्धा.

मग मोजायचे काय? ट्रायथलॉनच्या सायकली बनवणारे अमेरिकन डॅन एम्पफील्ड यांना हा प्रश्न सर्वांआधी टोचला, कारण त्यांच्या सायकलींत सीटची नळी बरीच उभी असे आणि दांडीची लांबी इतरांशी पडताळून पाहणे निरर्थक ठरे. सीटच्या नळीचा कोन एका अंशाने उभा केला, तरी दांडीच्या लांबीच्या हिशेबात साधारण एक सेंमीची गडबड होते. दोन फ्रेमची दांडी सारखी दिसते आणि प्रत्यक्षात एकीचे हँडल सेंटीमीटरभर लांब असते. त्यावरचा उपाय सोपा निघाला. सीट सोडून द्यायची, कारण ती पुढे-मागे, वर-खाली सरकते. फ्रेमवर न हलणारे बिंदू दोनच, बॉटम ब्रॅकेटचे केंद्र आणि हेड ट्यूबच्या माथ्याचा मध्य. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे सरळ उभे अंतर म्हणजे स्टॅक, सरळ आडवे अंतर म्हणजे रीच. एक सांगतो हँडल किती उंच बसेल, दुसरा सांगतो किती पुढे. सर्व्हेलोसारख्या कंपन्यांनी ही पद्धत उचलून धरली आणि आज रोड बाइक विकणारी जवळपास प्रत्येक मोठी कंपनी आपल्या संकेतस्थळावर हे दोन आकडे छापते. गंमत म्हणजे दुकानातल्या भिंतीवरच्या तक्त्यात ते क्वचितच सापडतात.

या दोन आकड्यांनी स्टिकरचा बुरखा कसा फाटतो हे पाहायला एकाच कंपनीच्या दोन सायकली पुरेत. ट्रेकची एमोंडा ही शर्यतीच्या बांधणीची, डोमाने ही लांब पल्ल्याची. दोन्हींवर ५४ लिहिलेले असे. एमोंडाच्या २०२१ च्या आराखड्यात ५४ मापाचा स्टॅक सुमारे ५४१ मिमी आणि रीच ३८४ आहे. त्याच सुमाराच्या डोमानेचा स्टॅक ५७५ आणि रीच ३७४. म्हणजे एकाच आकड्याखाली हँडलच्या उंचीत साडेतीन सेंमीची तफावत. रोज सायकल चालवणाऱ्याला अर्धा सेंमी बदललेला कळतो, तिथे साडेतीन म्हणजे वेगळी सायकलच म्हणायची. पण आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. हेड ट्यूब मागे झुकलेली असते, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे स्टेमखाली स्पेसरच्या चकत्या घालून हँडल एक सेंमी वर घेतले की ते तीन मिमी मागेही येते. एमोंडाचे हँडल ३४ मिमी वर घेतले तर त्याची रीच दहा मिमीने घटून ३७४ वर येते, नेमकी डोमानेइतकी! दोन्ही फ्रेमची लांबी खरे तर सारखीच. फरक आहे तो फक्त उंचीचा. दांडीची लांबी किंवा कुठलाही एकटा आकडा पाहून हे कळले नसते.

अक्षरांच्या मापांचे तर विचारूच नका. रेडीमेड शर्टाच्या ‘एम’वर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, आरशासमोर घालून पाहतोच. जायंट टीसीआरच्या मीडियमचा स्टॅक ५४५ आणि रीच ३८३ च्या आसपास आहे, तर जर्मनीच्या कॅन्यनच्या अल्टिमेटच्या मीडियमचा ५६० आणि ३९३. पहिली इतरांच्या ५४ च्या पंगतीत बसते, दुसरी ५६ च्या. एकाच सायकलीच्या मापांमधल्या पायऱ्याही समान नसतात. स्पेशलाइज्डच्या टारमॅक एसएल ७ मध्ये ५२ वरून ५४ वर गेले की रीच अवघी चार मिमी वाढते, ५४ वरून ५६ वर गेले की अकरा. हँडलची उंची सारखी धरून हिशेब केला तर पहिली पायरी नऊ मिमीची, दुसरी सतरा मिमीची निघते. ‘एक माप वर’ या शब्दांचा अर्थ कुठली पायरी चढतो यावर इतका अवलंबून असेल, तर त्या शब्दांवर भरवसा किती ठेवायचा?

यावर अनुभवी दुकानदाराचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. उंचीचा तक्ता बहुतेकांना चालतो. उरलेले स्टेम आणि स्पेसरने जुळवता येते. मग सामान्य माणसाला मिलिमीटरच्या नादाला कशाला लावायचे? सरासरी बांध्याच्या, मधल्या उंचीच्या माणसाला तक्ता खरोखरच बऱ्यापैकी जवळ नेऊन सोडतो. पण तक्ता सरासरीवर बेतलेला असतो, आणि एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत काही सेंमींचा फरक असणे ही रोजची गोष्ट आहे. पाय लांब म्हणजे त्याच उंचीत धड आखूड. अशा माणसाची सीट उंच जाते, हँडल खाली राहते आणि वर ते लांबही पडते. तक्त्याने त्याला दिलेली फ्रेम तिन्ही बाजूंनी गैरसोयीची ठरते. जुळवाजुळवीलाही हद्द असते. रोड बाइकवर ९० ते १२० मिमीची स्टेम स्वाभाविक. फार आखूड केली तर हँडल हलके आणि चंचल वाटू लागते. कार्बनच्या फोर्कवर स्पेसर किती रचता येतील याला कंपनीची मर्यादा असते, बहुधा तीन-चार सेंमीच्या आत. सीट पुढे सरकवून लांबी कमी करणे हा तर उलटा इलाज. त्याने पेडलशी असलेले गुडघ्याचे नाते बिघडते आणि अंगाचा भार आणखी हातांवर येतो.

शिवाय ही जुळवाजुळव आता पूर्वीइतकी स्वस्त राहिलेली नाही. जुन्या सायकलींचे हँडल एक बोल्ट सैल करून वर-खाली करता येत असे. नंतरच्या काळात स्टेम बदलायला चार-सहा स्क्रू पुरत. आजच्या बऱ्याच महागड्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या आणि केबल हँडल-स्टेमच्या आतून जातात, काहींत तर हँडल आणि स्टेम एकाच कार्बनच्या तुकड्यात ओतलेले असतात. तिथे स्टेम सेंटीमीटरभर आखूड करायची म्हटले तर हायड्रॉलिक ब्रेकची नळी सोडा, पुन्हा तेल भरा, हवा काढा, आणि नवा भाग मागवा. देखणेपणासाठी आणि वाऱ्याशी दोन हात करण्यासाठी हे ठीक; पण चुकीचे माप घेऊन मग सुधारण्याची सोय त्यात गेली. सायकल जितकी महाग, तितकी चूक पक्की, अशी ही विचित्र अवस्था आहे.

दुसरा आक्षेप शर्यतींचे व्हिडिओ पाहणाऱ्यांचा. व्यावसायिक सायकलपटू लहान फ्रेम घेतात आणि त्यावर लांब स्टेम लावून जवळजवळ आडवे होऊन चालवतात. मग आपणही एक माप लहान का घेऊ नये? तादेय पोगाचारची उंची १७६ सेंमी आणि त्याची कोल्नागो फ्रेम ४८५ मापाची, हे उदाहरण हमखास पुढे येते. त्यातला निम्मा भाग पुन्हा आकड्याचाच भ्रम आहे. कोल्नागोचे ४८५ हे मिलिमीटरमधले आणि त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे नाव आहे. ते दुसऱ्या कंपनीच्या ४८ शी जोडणे म्हणजे रुपयांची तुलना येनशी करणे. उरलेला निम्मा भाग खरा आहे. शर्यतपटूला हँडल खाली हवे असते, ते लहान फ्रेमच्या आखूड हेड ट्यूबमुळे मिळते, आणि हरवलेली लांबी तो १२०-१३० मिमीच्या स्टेमने भरून काढतो. पण त्याची पाठ आणि मांडीचे मागचे स्नायू वर्षानुवर्षांच्या सरावाने तसे वाकायला शिकलेले असतात, आणि तो सायकलवर असतो तेव्हा बहुतेक वेळ जोराने पेडल मारत असतो. पेडलवरचा तो जोर धड उचलून धरतो, म्हणून हातांवर भार कमी येतो. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या माणसाने तीच बैठक उचलली, तर तो भार त्याच्या तळव्यांवर आणि मानेवर येईल. हे ऐपतीचे नव्हे, जोराचे गणित आहे.

चुकीच्या लांबीची शिक्षा लगेच मिळत नाही, म्हणूनच ती फसवी. दुकानासमोरच्या दोन चकरांत सगळ्याच सायकली बऱ्या वाटतात. हँडल फार लांब पडत असेल तर तासाभराने कोपरे ताठ होतात, खांदे कानांकडे चढतात, करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागतात, कारण तळव्याच्या कडेने जाणारा अल्नर मज्जातंतू दाबला जातो. फार जवळ असेल तर चढावर अंग गोळा होते, माणूस नकळत सीटच्या मागच्या कडेवर सरकत राहतो. लांब पल्ल्याच्या प्रकारांत हे सगळे उघडे पडते. महाराष्ट्रात बीआरएमचे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्यांचे, वेड असलेल्या सायकलस्वारांची संख्या मोठी आहे. त्यातला सर्वांत छोटा टप्पा २०० किलोमीटरचा आणि त्याला साडेतेरा तासांची मुदत. तेरा तास एकाच बैठकीत काढायचे असतील, तर सेंटीमीटरभराची चूक हजारो वेळा वसूल होते. याचे टोक अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या ‘रॅम’ शर्यतीत दिसते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. त्या शर्यतीत काही स्पर्धकांच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरणेच अशक्य होते. या विकाराला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात, तो १९८३ च्या शर्यतीतल्या मायकेल शर्मरच्या नावावरून. तिथे कारणे अनेक असतात, झोपेपासून सुरुवात. पण मान सतत मागे वाकवून ठेवायला लावणारे खालचे हँडल त्यांपैकी एक असतेच.

आता ठेंगण्या बांध्याच्या लोकांकडे पाहायला हवे, कारण आपल्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. जगभरच्या उंचीच्या एका मोठ्या अभ्यासानुसार १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंमी आणि स्त्रियांची सुमारे १५३ सेंमी आहे. त्याच वर्षीच्या डच पुरुषांची १८२ च्या पुढे. ज्या मापांवर रचनाकाराचा हात मोकळेपणाने चालतो ती ५४ आणि ५६ ची, आणि आपले बरेच लोक त्याखाली येतात. लहान फ्रेममध्ये तेच मोठे चाक बसवायचे तर वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू नये म्हणून चाक पुढे ढकलावे लागते. त्यासाठी फोर्क अधिक तिरका करतात, आणि सीटची नळी अधिक उभी. टारमॅकच्या ४४ आणि ५४ या मापांच्या रीचमध्ये दोन सेंमीचाही फरक नाही, हँडलची उंची सारखी धरली तरी तीनच सेंमी. माणूस वीत-दीड वीत ठेंगणा होतो, पण सायकल त्या प्रमाणात आखूड होत नाही. सीटची नळी उभी असल्यामुळे कागदावर दांडी मात्र छान आखूड दिसते, आणि तिथेच ठेंगणे गिऱ्हाईक फसते. १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी यावर धाडसी तोडगा काढला होता. लहान मापाच्या सायकलींना पुढचे चाकच छोटे लावायचे. दिसायला ते विचित्र होते, पण तर्काने बिनतोड. बाजाराने तो मार्ग फारसा स्वीकारला नाही, ही माझ्या मते बाजाराची चूक.

‘स्त्रियांसाठी खास’ फ्रेमचा वादही इथेच येतो. पाय लांब आणि धड आखूड हा बायकांचा बांधा, म्हणून त्यांना आखूड आणि उंच फ्रेम हवी, असे बराच काळ मानले गेले. स्पेशलाइज्डने आपल्या रेटूल या मापन-प्रणालीतल्या नोंदी तपासून २०१९ च्या सुमारास उलट निष्कर्ष काढला: स्त्री-पुरुषांतल्या फरकापेक्षा स्त्रियांस्त्रियांतला आणि पुरुषांपुरुषांतला फरक मोठा आहे. कंपनीने वेगळ्या फ्रेम बंद केल्या. कॅन्यनने मात्र त्या सुमारास स्त्रियांसाठी वेगळी बांधणी चालू ठेवली होती. दोघांचेही व्यापारी हित त्यात आहे हे लक्षात घेऊनही, पहिली बाजू मला अधिक पटते. १५३ सेंमीच्या बाईची आणि १५३ सेंमीच्या पुरुषाची अडचण एकच आहे. तिला गुलाबी रंगाची गरज नाही, कमी रीचची आहे.

एक आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. स्टॅक आणि रीच फक्त फ्रेमचे अंतर सांगतात, हात प्रत्यक्ष टेकतात ते ब्रेकच्या हूडवर. मधे स्टेम येते, आणि हँडल स्वतःही पुढे किती वळते हे मॉडेलनुसार एक-दीड सेंमीने बदलते. म्हणून या दोन आकड्यांवरून अंतिम बैठक ठरत नाही. चुकीच्या फ्रेम बाजूला काढता येतात. तेवढे पुष्कळ झाले. चांगल्या बाइक-फिट करणाऱ्याकडे जाणे उत्तमच, पण सायकल घेतल्यानंतर नव्हे, आधी. चुकीची फ्रेम कोणताही फिटर बरोबर करून देऊ शकत नाही, फार तर सुसह्य करतो.

आणि हे आकडे मिळवायला कुठल्या यंत्राची गरज नाही. सध्याची किंवा एखाद्या मित्राची सोयीची वाटणारी सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करा, मागचे चाक भिंतीला टेकवून. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापर्यंतचे आडवे अंतर घ्या, मग हेड ट्यूबच्या माथ्यावरून ओळंबा सोडून तिथपर्यंतचे. दोन्हींची वजाबाकी म्हणजे रीच. त्या दोन बिंदूंच्या जमिनीपासूनच्या उंचींची वजाबाकी म्हणजे स्टॅक. स्टेमची लांबी आणि खालचे स्पेसर किती, तेही लिहून ठेवा. हाताशी अशी सायकलच नसेल तर दुकानात दोन मापे मागून प्रत्येकीवर अर्धा तास तरी बसा, आधी सीटची उंची ०.८८३ च्या सूत्राने लावून. सीट चुकीच्या उंचीवर असताना हँडलबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नका. दोन मापांत अडकलात तर ‘लहान घ्या’ या सरसकट सल्ल्यापेक्षा एक सोपी परीक्षा करा. लहान मापावर तीन सेंमीहून जास्त स्पेसर लागत असतील तर मोठे माप घ्या, किंवा त्याच कंपनीचे उंच बांधणीचे मॉडेल बघा. मोठ्या मापावर ९० मिमीहून आखूड स्टेम लागत असेल तर लहान घ्या. दोन्ही लागू होत असतील तर ते मॉडेलच तुमच्यासाठी नाही, मग सवलत कितीही असो. जुनी सायकल विकत घेणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावे. ‘फार वापरलेली नाही’ असे लिहिलेल्या कित्येक सायकली मालकाला बसल्या नाहीत म्हणूनच फार वापरल्या गेलेल्या नसतात. दुकानदाराला फ्रेमचा नंबर विचारण्याआधी तिचा स्टॅक आणि रीच विचारा. तो सांगू शकला नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा तक्ता त्याच्यासमोरच उघडा.